नांदतं सॉफ्टवेअर

‘बायको 1.0’चा विनोद वाचकांनी कधी ना कधी वाचला असणार, असं धरूनच सुरुवात करतो. कुणी एक गृहस्थ कंपनीला तक्रार लिहितात. आधी ‘प्रेयसी’ नावाचा प्रोग्राम होता, तो काढून ‘बायको 1.0’ टाकला आणि तेव्हापासून यंत्र जड झालं. ‘मित्रमंडळ’ उघडत नाही, ‘क्रिकेट’ ऐन रंगात बंद पडतं, पगाराची जागा दहा तारखेलाच भरून जाते आणि न मागता ‘सासूबाई’ नावाची एक फाईल येऊन बसली आहे, ती काही केल्या पुसली जात नाही. कंपनी कळवते, की आपण करमणुकीचा प्रोग्राम समजून अख्खी कार्यप्रणाली बसवून घेतली आहे, आता माफीची आज्ञा द्या आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. या विनोदाचं उलटं भावंडही आहे. त्यात बायको म्हणते, ‘प्रियकर’ होता तोवर फुलं, सिनेमा, लांबलचक गप्पा सगळं चालायचं, ‘नवरा 1.0’ टाकल्यापासून फक्त बातम्या आणि घोरणं चालतं.

दोन्ही मजकूर मूळचे इंग्रजी, ई-मेलच्या बाळपणातले. मराठीत आले, व्हॉट्सॲपवर चढले आणि कुणाच्याही लग्नाच्या वाढदिवसाला काकांनी ग्रुपवर टाकायची गोष्ट होऊन बसले. बेंबळीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थांनी या जातीचं मिळेल तेवढं उतरवून घेतलं, त्यात दुकानातल्या बाकड्यावर ऐकलेली भर घातली, आणि ते बाड माझ्यापुढं ठेवून म्हणाले, “सर, प्रस्तावनेची दोन पानं लिहून द्या.” विषय दोन पानांत बसणारा नव्हता. त्याला इलाज नाही.

पहिली शंका अशी येईल, की बेंबळीचा आणि सॉफ्टवेअरचा संबंध काय? संग्रह हिंजवडीहून आला असता तर कुणी भुवई उचलली नसती. बेंबळी धाराशिव तालुक्यातलं, सोयाबीनच्या भावावर ज्याचा मूड ठरतो असं गाव. पण सॉफ्टवेअरची खरी ओळख ते लिहिणाऱ्यांपेक्षा ते सोसणाऱ्यांना जास्त असते, आणि या बाबतीत आमचा भाग कुणाला हार जाणार नाही. ‘सर्व्हर डाऊन हाय, उद्या या’ हे वाक्य इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. आतमध्ये काय चाललंय ते कळत नाही, विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि सोडून जाताही येत नाही, अशा अवस्थेत शांत बसून राहण्याचा सराव ज्याला झाला, त्याला संसारावर विनोद करायचा हक्क आपोआप मिळतो.

ही ओळख कधी सुरू झाली तेही सांगता येतं. 2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघालं आणि एमएससीआयटीचे संगणकवर्ग गावोगाव पोहोचले. सरकारी नोकरीला ते प्रमाणपत्र लागायचं म्हणून पोरांनी केलं, आणि बघता बघता ते मुलींच्या बायोडाटात शिरलं. उंची, रास, नाडी, मामाचं गाव, आणि शिक्षणाच्या रकान्यात ‘बी.ए., एमएससीआयटी’. मुलीला एक्सेलमध्ये बेरीज येते याचा सासरी उपयोग काय, हे बघायला आलेल्या मंडळींपैकी कुणी विचारलं नाही. त्यांनी भाकरी येते का तेवढं विचारलं. मग 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः वावरात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, गट नंबर भरायचा, क्षेत्र भरायचं. तेव्हा कित्येक घरांत सासऱ्यांनी खिशातून फोन काढला आणि निमूटपणे सुनेच्या हातात दिला. बांधावर उन्हात डोक्यावरचा पदर सावरत जीपीएस लागायची वाट बघणारी सून, आणि दोन पावलं मागं ‘झालं का, झालं का’ करत उभे असलेले सासरे, हे चित्र कुठल्याही इंग्रजी विनोदात सापडणार नाही. या संग्रहात ते आहे, आणि माझ्या मते संग्रहातला सगळ्यात चांगला तुकडा तोच आहे.

नावांचं प्रकरणही असंच इथल्या मातीतलं. तांदूळ पसरलेल्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत आता बरीच मागं पडली. पण जिथं ती पाळली तिथं एक मुलगी रातोरात दुसऱ्या नावाची होई, आणि तिनं दुसऱ्या दिवशी हाकेला ओ द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा असे. कागदाला मात्र एवढी घाई नसते. माहेरच्या रेशन कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डावर ते चढत नाही. एका यंत्रावरून काढा, मग दुसऱ्यावर टाका, आणि मधल्या काळात गहू कोणत्या घरी येणार ते देव जाणे. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरं. 2023 साली आमच्या जिल्ह्याचंच नाव बदललं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. मग पाटीवर एक, एखाद्या फॉर्मच्या यादीत दुसरं, जुन्या कागदावर एक आणि नव्यावर दुसरं, आणि दोन्ही एकच आहेत हे पटवून देण्याची जबाबदारी आपली. सुनांनी पिढ्यान्‌पिढ्या जे भोगलं ते पुरुषांच्या वाट्याला येण्यासाठी अख्ख्या जिल्ह्याचं बारसं व्हावं लागलं, असं संग्राहक लिहितात. वाक्य तिखट आहे. मी ते कापलेलं नाही.

आता लग्नाच्या विधीकडं या. प्रोग्राम टाकताना समोर पानंच्या पानं अटी येतात आणि आपण न वाचता खाली ‘मान्य’ दाबतो. मांडवातही तेच. मंगलाष्टकं बँडच्या आवाजात बुडालेली असतात, भटजी काय वदवून घेतात याकडं नवरदेवाचं लक्ष नसतं, तो फोटोग्राफरकडं बघत असतो. अटी नीट ऐकणारा माणूस मराठवाड्यात एकच झाला असं परंपरा सांगते. तो जांबचा नारायण, पुढचे समर्थ रामदास. ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच त्यानं बोहल्यावरून धूम ठोकली. बाकीच्या सगळ्यांनी तो शब्द ऐकून अक्षता अंगावर घेतल्या. कायदाही इथं गमतीचा आहे. हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 7 प्रमाणे, जिथं सप्तपदीचा विधी असतो तिथं सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे किती काम झालं हे दाखवणारी पडद्यावरची ती हिरवी पट्टी आपल्याकडं संसदेनं मोजून दिली आहे: सात घरं. सहाव्या घरावर असताना कुणी वीज घालवली तर काय, हा प्रश्न संग्रहात विचारला आहे. वकिलांनी उत्तर द्यावं.

या सगळ्या तुलना ऐच्छिक होत्या, डोकं चालवून केलेल्या. 2025 मध्ये सरकारनंच लग्न आणि सॉफ्टवेअर एका पडद्यावर आणलं. लाडकी बहीण योजनेत महिना 1500 रुपये 2024 पासून बायकांच्या खात्यावर येत होते. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आलं. आधी बाईचा आधार क्रमांक आणि ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्याच्या फोनवर गेलेला ओटीपी. बाकड्यावर रांग लागली. बायका इथं, नवरे पुण्यात, कुणी ट्रकवर, कुणी कारखान्यावर. संग्राहकांनी एक संभाषण जसंच्या तसं उतरवलं आहे:

“आला का ओ?”

“काय?”

“ओटीपी. सहा आकडे आलेत बघा.”

“गाडीवर हाय मी. थांब, बाजूला घेतो.”

“लौकर सांगा. गेलं तर परत पहिल्यापासनं.”

आकडे आले, फोनवरच्या बाईनं ते मोठ्यानं म्हणत भरायला लावले, हिरवी खूण उमटली. ही फोन ठेवणार तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “कट करू नगं गं. जेवलेत का ते इचार.”

ज्यांचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत, त्यांनी कुणाचा ओटीपी द्यायचा? ही अडचण पुढं मान्य झाली, त्यांना कागदपत्रं देऊन काम भागवायची सोय मिळाली आणि मुदत वर्षाअखेरपर्यंत वाढली. पण त्याआधीच्या दोन महिन्यांत दुकानातून न बोलता परत गेलेल्या बायकांवर संग्राहकांनी विनोद केलेला नाही, तिथं नुसती एक ओळ कोरी सोडली आहे. त्यांची ही समज मला मोलाची वाटते.

कुणी म्हणेल, संसाराची अशी थट्टा नव्या काळाची. तसं नाही. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारूड लिहिलं, त्यातली बाई भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते आणि मागणं काय मागते? गावी गेलेल्या सासऱ्याला तिकडंच खपव, सासूला ने, जावेला बोडकी कर, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, नवऱ्यापासूनही सोडव आणि मला एकटीला राहू दे. एकेक करून सगळे प्रोग्राम काढून यंत्र कोरं करून मागणं, दुसरं काय! नाथांना त्यातून अहंकाराचं गणगोत सुटण्याचा अर्थ सांगायचा होता, पण बाजारात उभ्या बायका आधी हसल्या असणार आणि अर्थाकडं नंतर वळल्या असणार. ती भवानी ज्या तुळजापुरात आहे ते तुळजापूर आमच्याच जिल्ह्यातलं. आणि लग्न झालं की जोडप्यानं पहिल्यांदा जायचं तेही तिथंच. म्हणजे ज्या खिडकीवर नोंदणी, त्याच खिडकीवर तक्रार. उखाण्याचंही तसंच: नवी नवरी दारात, आत करवल्या दार अडवून उभ्या, आणि नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय आत प्रवेश नाही. हा पासवर्ड साऱ्या गावाला माहीत असतो, तरी तो तिच्याच तोंडून लागतो, तोही यमकात.

तांत्रिक बाजूबद्दल मात्र संग्राहकांशी माझं थोडं भांडण आहे. त्यांचे निम्मे विनोद प्रोग्राम बसवण्याबद्दल आहेत, आणि बसवणं ही त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट. खरी मजा देखभालीत असते. संगणकाच्या जगातल्या जाणत्या लोकांनी देखभालीवर जे लिहून ठेवलं ते वाचताना आपल्या घरात कुणी टेप लावून ठेवला होता की काय अशी शंका येते. फ्रेड ब्रुक्स हे आयबीएमच्या ओएस/360 या अवाढव्य प्रणालीच्या कामाचे प्रमुख होते. 1975 मध्ये त्यांनी ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यात एक नियम सांगितला: उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली की त्याला आणखी उशीर होतो. कारण माणसं वाढतात त्याच्या कितीतरी पट आपसातली बोलणी वाढतात. हिशोब करून बघा. नवरा-बायकोच्या भांडणात बोलण्याची वाट एकच. समेटासाठी दोन्हीकडच्या आया, एक मामा आणि एक आत्या बसवल्या की माणसं सहा आणि वाटा पंधरा. चहा दोनदा होतो, मामा रुसतो, आणि मूळ भांडण कशावरून होतं ते नवरा-बायकोच विसरून जातात. बैठक मोडते ती ‘पुढच्या रविवारी परत बसू’ या ठरावावर. ब्रुक्सनीच असंही लिहिलंय, की एक दोष काढताना दुसरा घुसण्याची शक्यता 20 ते 50 टक्के असते. ‘तुझं बरोबर होतं’ असं म्हणून भांडण मिटवायला गेलेल्या माणसाला ‘होतं म्हणजे? आता नाही?’ हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हा आकडा कमीच वाटेल.

मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्ये मांडलं, की कोणतीही संस्था जी प्रणाली घडवते, तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याचालण्याच्या वाटांसारखीच होते. आमच्याकडं मुलगा वडिलांशी थेट बोलत नाही, आईमार्फत बोलतो. सून सासऱ्यांशी बोलत नाही, नातवामार्फत बोलते. त्यामुळं घरात ट्रॅक्टर घ्यायचा निर्णय झाला तरी तो चार वर्षांच्या पोराच्या तोंडून जाहीर होतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले मेयर लेहमन 1974 पासून सांगत आले, की वापरातली प्रणाली सतत बदलत राहिली नाही तर ती दिवसेंदिवस निरुपयोगी वाटू लागते, आणि मुद्दाम आवरत राहिलं नाही तर तिच्यातला गुंता वाढत जातो. यावर विनोद करायची सोय नाही. चाळीस वर्षं ‘आमच्या घरात असंच असतं’ म्हणणाऱ्यांची घरं आपण पाहिलेली आहेत.

प्रोग्राम लिहिणारे ‘गिट’ नावाचं एक साधन वापरतात. त्यात एक आज्ञा अशी आहे, की कोणत्या ओळीत शेवटचा बदल कुणी केला आणि कधी, ते एका फटक्यात समोर येतं. तिचं नावच ‘ब्लेम’. आपल्याकडं ही आज्ञा साधनाशिवाय चालते. धाकट्या नणंदेच्या साखरपुड्यात, जेवणं झाल्यावर, हात धुताना, आत्याबाईंसमोर तुम्ही काय बोलला होतात, याची नोंद तारखेसकट निघते, आणि ती खोडता येत नाही.

हे गिट 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलं. 1991 चं लिनक्स ही कार्यप्रणालीही त्यांचीच. त्यांचं लग्न कसं जमलं ते या संग्रहात यायलाच हवं होतं, म्हणून मी इथं घालतो. 1993 साली ते हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थ्यांना संगणकाची तोंडओळख शिकवत होते. गृहपाठ दिला: प्रत्येकानं मला एक ई-मेल पाठवा. बाकीच्यांनी काहीबाही पाठवलं. टोव्हे नावाच्या मुलीनं पत्रात थेट भेटायला बोलावलं. पुढं त्यांचं लग्न झालं. त्या सहा वेळा फिनलंडच्या कराटे विजेत्या. तेव्हा त्या घरात कुणाची आज्ञा चालते हे विचारायचं कारण नाही. आणि लिनक्सचा पूर्वज युनिक्स? 1969 च्या उन्हाळ्यात केन थॉम्प्सन यांची बायको वर्षाच्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियाला नातेवाइकांकडं गेली. तेवढ्या सवडीत त्यांनी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये पीडीपी-7 या जुन्या यंत्रावर एक आठवडा एडिटर, एक आठवडा असेंब्लर आणि एक आठवडा गाभा असं करत युनिक्सचा पहिला सांगाडा उभा केला. बायको गावाला गेल्यावर आपल्याकडं पिठलं, पत्ते आणि सिंकमधली भांडी यापलीकडं कुणाची मजल गेल्याचं ऐकिवात नाही. बेंबळीच्या बाकड्यावर ज्या अँड्रॉइड फोनवर ओटीपी येतो, त्याच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्स युनिक्सच्या वळणावर गेलेलं आहे. म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेत एक बाई लेकराला घेऊन गावाला गेली नसती तर काय झालं असतं, याचा विचार लाडक्या बहिणींनी करावा.

घटस्फोटाला ‘अनइन्स्टॉल’ म्हणणारे चुटके संग्रहात थोडे आहेत, ते मला फार रुचले नाहीत. बटण दाबलं आणि गेलं असं ते काम नसतं. परस्पर संमतीनं म्हटलं तरी त्याच हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 13-ब प्रमाणे आधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावं लागतं; ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं. आणि मारहाणीला ‘बग’ म्हणणारा एक विनोद मूळ वहीत होता. तो काढून टाकलाय. त्यासाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, विनोद नाही.

तो काढला कुणी, हे सांगणं भाग आहे. मजकुराचं टायपिंग संग्राहकांच्या पत्नींनी केलं. दुकानातला दुसरा संगणक त्यांचा, एमएससीआयटी त्यांचंच, आणि फॉर्म भरण्यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. टाईप करता करता त्यांनी समासात लाल अक्षरांत शेरे टाकले आहेत. बहुतेक ठिकाणी ‘जुना’, ‘आधी आलाय’, ‘हसू आलं नाही’. ‘बायको 1.0’पाशी दोनच शब्द आहेत: ‘यंत्र कुणाचं?’

मला वाटतं या साऱ्या विनोदप्रकारावर एवढी नेमकी टीका कुणा समीक्षकाला जमली नसती. विनोद सांगणारा स्वतःला यंत्राचा मालक समजतो आणि बायकोला वरून टाकलेला प्रोग्राम. आता घर आठवा. चाळीस वर्षं चालत आलेली प्रणाली, माहितीपुस्तिका नाही, तिखटाचा डबा कुठल्या फळीवर आणि कुणाच्या उपासाला काय चालतं हे सगळं एका सासूबाईंच्या डोक्यात. त्यात एक मुलगी येऊन पडते आणि काहीही बंद न पाडता तिनं पहिल्या दिवसापासून चाललं पाहिजे. जुळवून घ्यायचं काम तिचं आणि ‘यंत्र जड झालं’ ही तक्रार मात्र नवऱ्याची.

शेवटी संग्राहकांच्या पत्नींनी स्वतःचाही एक तुकडा जोडलाय. प्रोग्राम लिहिणाऱ्यांची एक ठरलेली सबब असते, ग्राहक बोंब मारत आला की ते म्हणतात, “माझ्या मशीनवर तर चालतंय.” बाई लिहितात, लग्नानंतर पहिल्या वर्षी मी यांना सासूबाईंबद्दल काही सांगायला गेले की हे हेच म्हणायचे. “आई माझ्याशी तर नीट बोलते.”

हा तुकडा वहीच्या अखेरीला होता. तो पहिल्या पानावर घ्या असं मी सुचवलं. “बायकोला विचारून सांगतो,” म्हणालेत.